कपाटातले चष्मे

चष्मेबाईंना स्वतःला चष्मा नव्हता. पन्नाशी उलटली तरी सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायच्या, आणि सासूबाई त्यावरून टोमणा मारायची संधी सोडत नसत. "सगळ्या जगाच्या पोरांच्या नाकावर ओझं चढवलंस आणि स्वतः मात्र मोकळी!" बाई नुसत्या हसायच्या. सासूबाईंचं बोलणं आधीपासूनच मीठ जरा जास्त पडलेलं होतं, आणि इतक्या वर्षांत त्यांना त्या चवीची सवय झाली होती.

बाई आरोग्य खात्यात डोळे तपासायच्या कामावर होत्या. बावीस वर्षं. चोवीस शाळा त्यांच्याकडे. खांद्याला पिशवी, पिशवीत टॉर्च, मोजपट्टी, भिंगांची लाकडी पेटी आणि लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा गुंडाळलेला तक्ता. सहा मीटर मोजायचे, मुलाला उभं करायचं, एक डोळा झाकायला लावायचा. ज्यांना खालच्या ओळी दिसत नाहीत त्यांची यादी कारखान्यात जायची, महिन्याभराने चष्मे यायचे आणि बाई ते स्वतःच्या हाताने एकेका मुलाच्या नाकावर बसवायच्या. काडी कानामागे टोचते का बघायच्या, टोचली तर वाकवून द्यायच्या. कामातला हा भाग त्यांना सगळ्यात आवडायचा. एका पोराने चष्मा लावल्याबरोबर त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुमच्या तोंडावर केवढ्या रेषा आहेत!" वर्ग खो खो हसला. बाईंनी ती गोष्ट घरी येऊन तीनदा सांगितली.

पण गेली काही वर्षं एक गोष्ट त्यांच्या डोक्यात घर करून बसली होती. वर्षाने फेरतपासणीला गेलं की मुलं तोच चष्मा घालून समोर उभी राहायची, आणि चष्मा नवाकोरा असायचा. भिंगावर चरा नाही, काडी सैल नाही. आता मुलांच्या वस्तू कशा असतात हे कुणी बाईंना शिकवायला नको होतं. कंपासपेटीचं झाकण आठवड्यात निखळतं, दप्तराचा पट्टा महिन्यात तुटतो, आणि हा चष्मा मात्र वर्षभर दुकानातल्यासारखा? शिवाय नाकावर दोन बाजूंना चष्म्याच्या बुडाचे दोन खळगे पडतात. ते एकाही नाकावर नव्हते. पोरं चष्मे घालत नव्हती, दुसरं काय! आणि खात्याच्या अहवालात दरवर्षी छापलं जायचं: वाटप पूर्ण, योजना यशस्वी.

बाईंना हे सहन होत नव्हतं. फळ्यावरचं न दिसणारं पोर आधी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं, मग उतरवायचाही कंटाळा करतं, आणि शेवटी मास्तर त्याला ढ म्हणून मोकळे होतात. चष्मे नाकावर राहायला हवे होते, रोज, शाळेच्या सगळ्या वेळात. त्यासाठी ते का राहत नाहीत हे कळायला हवं होतं. खात्याचा नियम असा होता की कुणीही कर्मचारी वर्षातून एकदा संशोधनाचा प्रस्ताव देऊ शकतो. आरोग्य, शिक्षण, समाज, कसलाही विषय चालेल. नियम सगळ्यांना माहीत होता आणि डॉक्टर सोडून कुणी तो कधी वापरला नव्हता. बाईंनी वापरायचं ठरवलं.

प्रस्ताव आधी शंकासरांच्या टेबलावर जायचा, मग मंजुरीसाठी समितीपुढे. हे संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, आठवड्यातून दोन दिवस जिन्याखालच्या खोलीत बसायचे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण येणाऱ्या प्रत्येक कागदावर ते एकच शेरा मारायचे, "शंका आहे", म्हणून ते सगळ्यांचे शंकासर. त्यांच्याकडे पाहुण्यांसाठी एकच खुर्ची होती आणि तिचा एक पाय आखूड होता. लोक म्हणायचे, मुद्दाम ठेवली आहे.

बाईंच्या पहिल्या प्रस्तावाचं नाव होतं, 'शाळकरी मुलांना वाटणारी चष्म्याची लाज: एक अभ्यास'. शंकासरांनी नाव वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"उत्तर आधीच लिहून आणलंत. मग शोधायचं काय राहिलं?"

"म्हणजे सर?"

"लाज वाटते म्हणून घालत नाहीत, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मुलंच ती. एकमेकांना चिडवतात. लाजणारच."

"विचारलंत त्यांना?"

बाईंनी प्रस्तावाचं पहिलं पान उलटलं.

"आणि मुळात घालत नाहीत, हे तरी कुठे मोजलंय? चरे नाहीत, खळगे नाहीत, हे मला पटतं. पण समिती म्हणेल, मुलं व्यवस्थित असतील. आधी थोड्या शाळांत मोजून या. किती मुलांना दिले, किती घालतात. दोन आकडे आणा, मग पुढचं बोलू."

बाईंना राग आला. घरी आल्यावर त्यांनी भांडी जरा जोरात घासली. नवरा छापखान्यात मशीनवर होता, दिवसभर खडखडाट ऐकून यायचा, त्याला भांड्यांचा आवाज ऐकूच आला नाही. पण दुसऱ्या दिवशी राग ओसरल्यावर बाईंना कबूल करावं लागलं की म्हातारा बरोबर होता. एक वर्ष त्या थांबल्या, नियमाप्रमाणे, आणि त्या वर्षात तीन शाळा मोजल्या. एकशे वीस मुलांना चष्मे दिलेले. त्यांपैकी एकशे तेरा जणांच्या डोळ्यांवर चष्मा होता.

एकशे तेरा! बाईंनी तीनदा बेरीज केली. बेरीज चुकत नव्हती. त्यांनी तो आकडा प्रस्तावात लिहिला, कारण जे दिसलं ते लिहायचं एवढं त्यांना कळत होतं, आणि समितीने प्रस्ताव एका ओळीत परत केला: समस्या आढळत नाही. खात्याच्या साहेबांना मात्र आनंदाचं भरतं आलं. त्यांनी तो आकडा मोठ्या अक्षरांत काढून दर्शनी भिंतीवर लावला. शंभरातले चौऱ्याण्णव! खाली बाईंचं नाव. रोज कामावर येताना बाईंना आपलंच नाव वाचावं लागे. जी गोष्ट खोटी आहे असं त्यांचं मन सांगत होतं, ती त्यांनी स्वतःच खरी ठरवून दिली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता पुढे जे झालं ते कसल्याही हुशारीने झालं नाही. बाई तक्ता विसरल्या.

पुढच्या वर्षी सतरा नंबरच्या शाळेत फेरतपासणी करून त्या निघाल्या आणि घरी आल्यावर पिशवी हलकी लागली. तक्ता तिथेच भिंतीवर राहिला होता. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे काम होतं, म्हणून त्या जाता जाता तो घ्यायला शाळेत शिरल्या. सकाळचे अकरा. चौथीच्या वर्गात फळ्यावर भागाकार चालला होता. बाईंनी दारातून आत पाहिलं. आदल्या दिवशी या वर्गात नऊ चष्मे होते. आज एकही नव्हता.

दाराजवळच्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिचा नंबर बाईंना पाठ होता, दोन्ही डोळ्यांना उणे साडेतीन. ती फळ्याकडे बघतसुद्धा नव्हती. शेजारणीच्या वहीत बघून उतरवत होती. बाईंना पाहून ती दचकली, तिने चटकन नाकाला हात लावून पाहिला आणि अगदी घाबरून विचारलं, "बाई, आजपण चष्म्याचा दिवस आहे?"

चष्म्याचा दिवस कोण ठरवतं हे त्यांच्या क्षणात लक्षात आलं. गेली बावीस वर्षं त्या कुठल्याही शाळेत जायच्या आदल्या दिवशी फोन करत होत्या. "उद्या येते हं सर, चष्म्याची मुलं जरा सांगून ठेवा." हा त्यांचा शिरस्ता होता, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. न सांगता दुसऱ्याच्या दारात उभं राहू नये, असं त्यांच्यावर लहानपणी बिंबवलेलं. त्या तीन शाळा मोजतानाही त्यांनी तिन्हीकडे फोन केला होता. मुलं चष्मा घालतात का हे बघायला गेल्या, आणि घालून बसा असं आधीच सांगून गेल्या!

त्या तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. मुख्याध्यापक म्हणजे उंच, सरळ, रात्रंदिवस शाळेचाच विचार करणारा माणूस. त्यांनी काही लपवलं नाही. किल्ली काढली आणि कपाट उघडलं. मधल्या फळीवर पुठ्ठ्याचं खोकं, त्यात एक्केचाळीस चष्मे, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर वर्ग आणि हजेरी क्रमांक. इतकं नीटनेटकं की दुसऱ्या कुणाला कौतुक वाटलं असतं.

"सर, हे काय?"

"सुरक्षित ठेवलेत बाई. तुमचा फोन आला की सकाळी वाटतो, संध्याकाळी गोळा करतो. गेल्या पाच वर्षांत एक फुटला नाही माझ्या शाळेत."

"अहो पण मुलांना दिसत नाही!"

मुख्याध्यापक खुर्चीत बसले. "मला कळत नाही होय बाई? पण चष्मा फुटला की तो चार पानी खुलासा कोण भरणार? कुठल्या वेळी फुटला, कुठल्या जागी फुटला, साक्षीदार कोण, मुलाचा जबाब, पालकांचा जबाब, माझा खुलासा, आणि सगळं तीन प्रतींत. चोरी झाली तर पोलीस एवढं लिहून घेत नाहीत. मी इथे आलो त्या वर्षी सोळा फुटले. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस फॉर्म भरले मी. त्या महिन्यात एक तास शिकवलं नाही. शेवटी म्हटलं, जाऊ दे, कपाटात बरे. बाकीच्या शाळा तरी काय करतात वेगळं?" आणि मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "तो फॉर्म काढला कोणी हो बाई? त्या माणसाला एकदा या खुर्चीत आणून बसवा."

बाई तक्ता घेऊन निघाल्या. तो फॉर्म बाईंनीच काढला होता.

नऊ वर्षांपूर्वी एका सत्रात दोनशेच्या वर चष्मे फुटले होते आणि साहेबांनी बाईंना बोलावून विचारलं होतं, काय करायचं? बाई तीन रविवार बसल्या. एकेक रकाना विचार करून आखला. साक्षीदाराची कल्पना तर खास त्यांची. फॉर्म सुरू झाला, पुढच्या वर्षी फक्त चौदा चष्मे फुटले, आणि खात्याने बाईंना प्रशस्तिपत्रक दिलं. फुटणं थांबलं म्हणजे मुलं जपायला लागली, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. बाईंनीसुद्धा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे तर कळसा बाईंनी स्वतःच्या हातांनी घडवला होता.

त्या दिवशी घरी त्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, कदाचित टोमणा मारून घ्यायचा होता. सासूबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. ऐकून घेतलं आणि भिंतीतल्या काचेच्या कपाटाकडे बोट केलं. तिथे त्यांच्या लग्नातला निळ्या फुलांचा कपांचा सेट होता, सहाच्या सहा कप शाबूत.

"त्यात मी आयुष्यात चार वेळा चहा प्यालेय," सासूबाई म्हणाल्या. "एक फुटला असता तर माझ्या सासूने मला फोडलं असतं. धाक घातला की माणूस वस्तू जपतो गं, वापरत नाही." मग म्हणाल्या, "पण तुला धाकाचा फॉर्म छापायची अक्कल कुठून आली, ते मला माहीत नाही." टोमणा आला. बाईंना थोडं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाई सोपा रस्ता आधी चोखाळून आल्या. साहेबांकडे जाऊन म्हणाल्या, फॉर्म बंद करा. साहेबांनी भिंतीकडे बोट केलं. "शंभरातली चौऱ्याण्णव मुलं चष्मा घालतात, हे तुमचंच मोजमाप. कशाच्या जोरावर नियम बदलू? पुरावा आणा." म्हणजे वाट एकच उरली, तिसरा प्रस्ताव. या वेळी बाई आखूड पायाच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि त्यांनी शंकासरांना फोनचं, कपाटाचं आणि फॉर्मचं, सगळं सांगून टाकलं. शंकासरांनी पहिल्यांदाच चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे सगळं प्रस्तावात लिहाल? फॉर्म तुमचा आहे हेही?"

"पहिल्याच पानावर लिहीन."

"मग आपण काम करू," शंकासर म्हणाले.

आणि खरंच काम केलं. सहा आठवडे, आठवड्यातले दोन दिवस. बाई एक लिहायच्या, सर शंका काढायचे, बाई खोडायच्या. बाईंना आधी सगळ्या चोवीस शाळांतला फॉर्म एकदम बंद करून बघायचा होता. सर म्हणाले, "आकडा वाढला तर साहेब म्हणतील, या वर्षी पाऊस चांगला झाला म्हणून वाढला. निम्म्या शाळांत बंद करा, निम्म्यांत चालू ठेवा. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडेल." बारा आणि बारा. सहा महिन्यांनी उरलेल्या बारांतही बंद. कुठल्या बारा आधी? बाई लगेच म्हणाल्या, सतरा नंबर आधी. सरांनी मान हलवली. "आपल्याला आवडती शाळा आधी घ्यावीशी वाटते. जिथले मुख्याध्यापक चांगले, ती आवडती होते. मग आकडा फॉर्ममुळे वाढला की मुख्याध्यापकांमुळे? चिठ्ठ्या टाकायच्या."

मोजायचं कसं? न सांगता. पण मुलांवर पाहणी करायची तर आईवडिलांची संमती हवी, आणि संमती मागितली की ते झालंच सांगणं. या गाठीवर दोन आठवडे गेले. ती सुटली ती बाईंकडून: वर्षाच्या सुरुवातीला एकदाच विचारायचं, या वर्षात कुठल्याही दिवशी आमचं माणूस वर्गाच्या दारातून डोकावेल, चालेल का? दिवस कुठला ते कुणालाच ठाऊक नाही. मुलांना एकही प्रश्न विचारायचा नाही, कारण पोरं विचारणाऱ्याला हवं ते उत्तर देतात. दारात उभं राहून फक्त मोजायचं: डोळ्यांवर आहे, डोळ्यांवर नाही.

"आणि मोजणार कोण?" सरांनी विचारलं.

बाईंनी मान वर केली. बावीस वर्षं त्यांच्याशिवाय त्या शाळांत कुणी गेलं नव्हतं. मग त्यांना कळलं. पोरं त्यांना लांबून ओळखत होती. त्या फाटकातून आत आल्या की कपाट उघडणार.

"मी नाही," त्या म्हणाल्या, आणि तसं लिहिलं. प्रस्तावक वर्षभर कोणत्याही शाळेत पाऊल ठेवणार नाही. मोजणी नर्सिंगच्या विद्यार्थिनी करतील, आणि कुठल्या शाळेत फॉर्म बंद आहे हे त्यांनाही सांगितलं जाणार नाही. तेवढं एक वर्ष चष्मे बसवायलाही दुसरं कुणी जाईल. हे वाक्य लिहून झाल्यावर बाई उठल्या आणि जिन्याखालच्या त्या अंधाऱ्या खोलीबाहेर जाऊन पाणी पिऊन आल्या.

साहेबांची सही राहिली होती. साहेबांनी पहिलं पान वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो बाई, आपलीच अब्रू चव्हाट्यावर मांडायची? तो आकडा मी वरपर्यंत कळवलाय. हे फोनचं आणि तुमच्या फॉर्मचं काढून टाका, बाकी सही करतो."

"ते काढलं तर उरलेलं खोटं होतं, साहेब."

"मग मला सही करता येणार नाही."

"हरकत नाही. तसं लिहून द्या. सही का नाही त्याचा खुलासा. मी तो प्रस्तावाला जोडते." बाई उभ्याच राहिल्या. "एका प्रतीत चालेल."

साहेबांनी सही केली. मनापासून केली असं म्हणता येणार नाही, पण शाई तीच लागते.

समितीची बैठक लांबट टेबलाभोवती झाली. अध्यक्ष एक डॉक्टरीणबाई, तीन प्राध्यापक, कोपऱ्यात शंकासर, आणि पालकांच्या वतीने एक शिवणकाम करणाऱ्या ताई. या ताईंना समितीत घेतलं होतं कारण नियमाला एक साधा माणूस लागतो. त्या कधीच काही बोलत नाहीत असं सगळे म्हणायचे. साहेब बाईंच्या शेजारी बसले होते, अंग चोरून.

प्राध्यापकांनी विचारायचं ते विचारलं. मोजणी किती वेळा, शाळांची पटसंख्या सारखी आहे का. बाईंनी उत्तरं दिली, कारण यापेक्षा अवघड प्रश्न जिन्याखाली विचारून झाले होते. मग डॉक्टरीणबाई कागद आवरायला लागल्या, आणि ताईंनी हात वर केला.

"मला एक सांगा. तुमचं म्हणणं, या फॉर्मपायी चष्मे कपाटात जातात. तुम्हाला तर आता ते माहीतच आहे."

"हो."

"आणि तरी बारा शाळांत तो फॉर्म तुम्ही अजून सहा महिने चालू ठेवणार. माझी मुलगी त्या बारांत निघाली, तर सहा महिने तिला फळा दिसणार नाही. का, तर तुम्हाला मोजायचंय म्हणून?"

शंकासर खाली बघत होते. हा प्रश्न त्यांच्याकडून सुटला होता, किंवा त्यांनी सोडला होता.

बाईंचं हे उत्तर पाठ नव्हतं. त्या सावकाश बोलल्या. "ज्यांचा डोळा वेळेत चष्मा नाही मिळाला तर कायमचा मंद होईल, अशी चोवीस शाळांत अकरा मुलं आहेत. त्यांना मी यात धरलेलं नाही. त्यांचे चष्मे गेल्याच आठवड्यात मी घरी नेऊन आईबापांच्या हातात दिले. फुटले तर फॉर्म मी भरेन. बाकीच्या मुलांचं तुम्ही म्हणता तेच होईल. त्यांचे सहा महिने जातील. मला ते नाकारता येणार नाही."

"मग बंदच का नाही करत सगळीकडे?"

"बंद करणं माझ्या हातात नाही. या प्रस्तावामुळे निम्म्या शाळांत तरी तो बंद करायला मिळतोय. आणि दुसरं, ताई, मला आता माहीत आहे असं तुम्ही म्हणालात. मला खात्री आहे, हे खरं. पण तो फॉर्म काढला तेव्हाही माझी खात्रीच होती. तेव्हा कुणी मला विचारलं नाही, निम्म्या शाळांत करून बघितलंस का? विचारलं असतं, तर पहिल्या सहा महिन्यांत कळलं असतं. नऊ वर्षं गेली. किती मुलं चौथीतून पुढे गेली या नऊ वर्षांत, ते मला रोज आठवतं. आता परत नुसत्या माझ्या खात्रीवर काही करू नका."

ताईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. अंगावर कापड नीट बसलं की नाही ते बघावं, तसं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण चिठ्ठ्या आत्ता, इथे, माझ्यासमोर टाकायच्या. आणि मी काढणार."

डॉक्टरीणबाईंनी प्रस्ताव मंजूर केला. एक ते चोवीस आकडे लिहून चिठ्ठ्या झाल्या, भांडं सापडेना म्हणून साहेबांच्या कागदाच्या रिकाम्या खोक्यात टाकल्या. ताई काढणार, बाई लिहिणार. पहिल्या बारा निघतील त्या पहिल्या रकान्यात, उरतील त्या दुसऱ्या.

चार. बावीस. अकरा. बाई लिहीत गेल्या. एकोणीस, दोन, चोवीस. प्रत्येक घडी उलगडताना त्यांचं मन एकच आकडा मागत होतं आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती. सात. तेरा. पंधरा. एक. वीस. आता एकच जागा उरली. ताईंनी खोक्यात हात घातला, जरा ढवळला, आणि चिठ्ठी उघडून वाचली.

"नऊ."

बाईंनी नऊ लिहिलं. दुसरा रकाना आता कुणी काढायचा नव्हता, तो नुसता भरायचा होता. तीन, पाच, सहा, आठ, दहा, बारा, चौदा, सोळा. तिथे लेखणी थांबली. साहेब इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माणसासारखे झुकले आणि हळूच म्हणाले, "नऊ आणि सतरा एकमेकांच्या जागी टाका. दोन्ही शाळा सारख्याच आहेत. काय फरक पडतो?"

"नऊमधल्या मुलांना पडतो," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसऱ्या रकान्यात सतरा लिहिलं.

लिहिताना त्यांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. अठरा, एकवीस, तेवीस लिहून रकाना पुरा केला. ताई समोरून बघत होत्या. "तुमची शाळा का ती?"

"हो."

"मग कशाला रडताय? तुम्हीच आखलंय ना हे सगळं?"

"मीच आखलंय ताई," बाई डोळे पुसत म्हणाल्या. त्यांनी यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत तपासली, खाली सही केली, तारीख घातली आणि कागद ताईंकडे सरकवला. "तुम्हीही करा. मागाहून माझं मन बदललं, तर मला दाखवायला कुणीतरी हवं."